आपलं बडोदं : ‘लक्ष्य’ नावाची संस्था

या सदरात आपण आजवर शहरातल्या बऱ्याच संस्थांच्या गोष्टी वाचल्या. जुम्मादादा व्यायाम मंदिर झालं, प्राच्यविद्या मंदिर झालं, सयाजीराव महाराजांची फिरती वाचनालयं झाली. या संस्थांचं एक बरं असतं. घरातलं कुणीतरी तिथे गेलेलं असतं, आजोबांच्या ट्रंकेत एखादं प्रमाणपत्र सापडतं आणि गप्पांना विषय मिळतो. आज जिच्याबद्दल लिहिते आहे ती संस्था तशी नाही. ती २००० साली सुरू झाली, म्हणजे तुमच्यापैकी काहींच्याच वयाची आहे. तिथे आपल्या ओळखीचं कुणी गेलं असेल तर त्याने ते घरी सांगितलं असण्याची शक्यता फार कमी. संस्थेचं नाव ‘लक्ष्य’. समलिंगी पुरुषांसाठी त्यांच्यातल्याच लोकांनी गुजरातेत काढलेली ही पहिली संस्था मानतात, आणि ती निघाली आपल्या बडोद्यातून. म्हणून तिचा मान या सदरात आहेच.

खरं तर गोष्ट २००० च्या बरीच आधी सुरू करायला हवी. मेहसाणा जिल्ह्यातलं बहुचराजीचं देऊळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कोंबड्यावर बसलेली देवी. गुजरातेतल्या किन्नरांचं, म्हणजे इकडच्या भाषेत पावैयांचं, हे मोठं ठाणं. आजचं मोठं देऊळ अठराव्या शतकात गायकवाड घराण्यातल्या मानाजीरावांनी बांधलं असं मानतात. म्हणजे या देवीशी आपलं मराठी नातंही जुनंच. बाळ जन्मलं, लग्न ठरलं की पावैये दारात येतात, टाळी वाजते, आजी घाईघाईने सुपात तांदूळ-गूळ आणि वर नोट ठेवते. त्यांचा आशीर्वाद हवा असतो, शापाची भीती असते, आणि ती माणसं ओटल्याच्या आत येऊ नयेत असंही वाटत असतं. हे तिन्ही एकाच वेळी. आदर म्हणावा तर तो उंबऱ्याशी थांबणारा.

पण निदान पावैयांना उंबऱ्यापर्यंत तरी जागा होती. ज्याला साडी नेसायची नव्हती, जो पँट-शर्ट घालून रोज सकाळी बँकेत किंवा कारखान्यात जात होता आणि ज्याचं मन मात्र पुरुषांकडेच ओढ घेत होतं, त्याला परंपरेने काहीच जागा दिलेली नव्हती. त्याच्यासाठी मराठीत धड शब्दही नव्हता. जे होते ते शिवी म्हणूनच वापरायचे. मुलींचं तर त्याहून पुढचं. दोन मैत्रिणी एका खोलीत राहतात याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नसे, कारण त्यात काही असू शकतं हेच कुणाच्या डोक्यात येत नसे. ऐंशीच्या दशकात गुजरातेत ‘मैत्री करार’ नावाचा एक प्रकार चाले. दुसऱ्या लग्नाला कायद्याची बंदी, म्हणून लग्न झालेले पुरुष दुसऱ्या बाईशी स्टॅम्प पेपरवर असा करार करून मोकळे होत. बाईच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नसे. पुरुषांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली ही पळवाट आपल्या भागातल्या दोन स्त्रियांनी एकमेकींसोबत राहण्यासाठी वापरल्याची नोंद आहे. मला ही नोंद फार आवडते. वकिलासमोर बसून, सह्या करून, आम्ही दोघी यापुढे एकत्र राहणार असं लिहून द्यायचं, तेही त्या काळात!

त्याच दशकाच्या तोंडावर बडोद्यात एक अकाउंटंट चित्रं काढत होता. भूपेन खख्खर. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला, शिकून चार्टर्ड अकाउंटंट झालेला हा गुजराती माणूस १९६२ मध्ये इथे आला तो चित्रकार गुलाम मोहम्मद शेख यांच्या आग्रहामुळे. फाइन आर्ट्समध्ये त्याने कलासमीक्षा शिकली आणि पुढे वर्षानुवर्षं एका कारखान्याचे हिशेब सांभाळत तो चित्रं काढत राहिला. न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, अशी साधी माणसं त्याने मोठ्या कॅनव्हासवर आणली. १९८० मध्ये आई गेली. १९८१ मध्ये त्याने एक चित्र काढलं. गच्चीत एक नागवा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची ती गोष्ट चालू आहे, जी आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. बाप गाढवावर बसला तरी लोक बोलतात, मुलगा बसला तरी बोलतात, दोघं चालले तरी हसतात. चित्राचं नाव इंग्रजीत आहे, ‘यू कान्ट प्लीज ऑल’. सगळ्यांना खूश करता येत नाही.

हे चित्र म्हणजे त्याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर करणं होतं, असं कलेचे अभ्यासक सांगतात. पुढे त्याने आडपडदा ठेवला नाही. दोन पुरुषांचं प्रेम, तेही तरुण-देखण्या नव्हे तर पोट सुटलेल्या, केस पिकलेल्या माणसांचं, त्याने उघड रंगवलं. १९८४ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. गाढवाचं ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि २०१६ मध्ये तिथे त्याच्या चित्रांचं जे मोठं प्रदर्शन भरलं त्याला नाव याच चित्राचं दिलं होतं. २००३ मध्ये तो बडोद्यातच गेला. आपल्याकडे तो ‘मोठा चित्रकार’ म्हणून माहीत असतो, उरलेलं वाक्य लोक गिळतात. तसं करणं मला पटत नाही. ते वाक्य काढलं तर चित्रंच कळत नाहीत.

तरी एक खरं. कलाकाराला समाज जरा सूट देतो. ‘ते काय, आर्टिस्ट माणूस’ म्हणून सोडून देतो. ही सूट मांडवीतल्या दुकानदाराच्या मुलाला किंवा मकरपुऱ्यातल्या फिटरला नसते. ‘लक्ष्य’ निघाली ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी. ती काढणाऱ्यांत मात्र एक राजपुत्र होता.

राजपिपळा आपल्याकडून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. आता स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाताना त्या बाजूने जाणं होतं. गोहिल राजपुतांचं जुनं संस्थान. तिथले महाराज विजयसिंहजी घोड्यांचे एवढे शौकीन की १९३४ मध्ये त्यांच्या ‘विंडसर लॅड’ घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. त्यांचे पणतू मानवेंद्रसिंह, जन्म १९६५. शिक्षण मुंबईत, बॉम्बे स्कॉटिश शाळेत आणि मग पार्ल्याच्या कॉलेजात. १९९१ मध्ये त्यांचं लग्न झाबुआच्या राजघराण्यातल्या मुलीशी लावून दिलं. लग्न झालं की सगळं सुरळीत होईल असं त्यांनाही वाटत होतं. वर्षभरात घटस्फोट झाला. त्या मुलीने जाताना त्यांना बजावलं की आता आणखी कुठल्या मुलीचं आयुष्य असं वाया घालवू नका. हे मानवेंद्रसिंहांनीच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे, आणि चूक आपल्याकडून झाली हेही.

इथे जरा थांबते, कारण आपल्या घरांशी या गोष्टीचा खरा संबंध इथे आहे. समलिंगी मुलाबद्दल बोलताना आपण मुलाच्या दुःखाबद्दल बोलतो, आई-वडिलांच्या दुःखाबद्दल बोलतो. ती जी सून म्हणून आणलेली असते तिचं नाव कुणी काढत नाही. स्थळ बघताना मुलाचा पगार लपवला तर आपण फसवणूक म्हणतो. हे लपवलं तर ‘संसाराला लागला की होईल ठीक’ म्हणतो. ती बिचारी वर्षानुवर्षं आपल्यातच काही कमी आहे असं समजत राहते. झाबुआची ती मुलगी सुटली, कारण तिच्याकडे बळ होतं आणि कायदा होता. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९३१ मध्येच कायदा करून दिला होता, देशात तो यायला पुढे पंचवीसेक वर्षं लागली. त्या वेळी ‘संस्कृती बुडाली’ म्हणणारे कमी नव्हते. बुडाली नाही ती.

घटस्फोटानंतर मानवेंद्रसिंहांना वाट दिसली ती मुंबईत. तिथे अशोक राव कवी या पत्रकाराने १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ नावाचं नियतकालिक सुरू केलं होतं आणि १९९४ मध्ये सोबत्यांसह ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन केली होती. राव कवींनी १९८६ मध्येच स्वतःच्या नावानिशी एका मासिकात आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. हमसफरला सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. सरकारी इमारतीत अशा संस्थेचं कार्यालय, हे त्या काळी अजबच होतं. ते का जमलं, याचं उत्तर एकाच शब्दात आहे: एड्स.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर ‘लक्ष्य’ची गोष्ट कळणार नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये केलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा जन्मठेप. प्रत्यक्ष खटले फार चालत नसत, पण पोलिसाला बागेत एखाद्याला पकडून खिसा रिकामा करायला ते पुरेसं होतं. अशा कायद्याच्या देशात ‘आम्ही समलिंगी, आमचे हक्क द्या’ म्हणून संस्था काढली तर धर्मादाय आयुक्त ती नोंदवून घेतील की नाही याचीच शंका. पण एचआयव्ही पसरू लागला आणि सरकारला लक्षात आलं की जी माणसं लपून राहतात त्यांच्यापर्यंत डॉक्टर पोचू शकत नाही. त्यांच्यातलंच कुणीतरी पोचू शकतं. म्हणजे एका हाताने सरकार त्यांना गुन्हेगार ठरवत होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच संस्थांना निरोधची पाकिटं वाटायला पैसे देत होतं. ‘लक्ष्य’ २००० मध्ये सार्वजनिक धर्मादाय न्यास म्हणून नोंदली गेली ती आरोग्याच्या या दारातून. हमसफरची मदत होती, बडोद्यातले काही सोबती होते. सिल्व्हेस्टर मर्चंट हे त्यातलं एक नाव, पुढे अनेक वर्षं संस्थेच्या कामाची धुरा त्यांनी वाहिली.

काम काय होतं ते सांगते, कारण वर्तमानपत्रांत राजपुत्र येतो आणि काम राहून जातं. समाजातल्याच तरुणांना आधी शिकवायचं. कार्यक्रमाच्या भाषेत त्यांना ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या निकषानुसार अशा एका कार्यकर्त्याकडे साधारण साठ माणसं. संध्याकाळी, रात्री, बागेत, स्टेशनच्या आसपास, एसटी स्टँडवर जायचं. ओळख काढायची, विश्वास बसेपर्यंत पुन्हा पुन्हा भेटायचं. निरोध द्यायचा, तो कसा वापरायचा हे सांगायचं, गुप्तरोगाची लक्षणं सांगायची, तपासणीला येण्यासाठी मन वळवायचं. मग बरोबर जाऊन दवाखान्यात बसायचं, कारण एकटा गेला तर डॉक्टरचा चेहरा बघूनच तो परत येईल. हे सगळं तुटपुंज्या मानधनावर. घरी सांगायचं काय? ‘एनजीओत आहे, आरोग्याचं काम करतो.’ खोटं नव्हतं.

आणि एक खोली. ‘ड्रॉप-इन सेंटर’ असं तिचं कागदावरचं नाव. म्हणजे काय तर चार खुर्च्या, सतरंजी, थोडी पुस्तकं, चहा, आणि दार लावून घेतल्यावर मोकळेपणाने हसायची सोय. ज्याला घरात, कामावर, लग्नकार्यात, सगळीकडे बोलणं-चालणं तोलून वागावं लागतं त्याला अशा खोलीची किंमत कळते. तिथे समुपदेशन चाले आणि समुपदेशकांपुढे येणाऱ्यांत लग्न झालेले पुरुष पुष्कळ असत. त्यामुळे निरोधचं काम हे केवळ त्या पुरुषांच्या जिवाचं नव्हतं, घरी वाट बघणाऱ्या त्यांच्या बायकांच्याही जिवाचं होतं. बडोद्याबरोबर सुरत आणि राजकोटलाही काम उभं राहिलं.

धोका किती होता याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग. ‘लक्ष्य’ वर्षाची झाली असेल नसेल, तेव्हा जुलै २००१ मध्ये लखनौत हेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी ३७७ खाली पकडलं. एड्सविषयीचं माहितीसाहित्य हाच पुरावा. महिन्याहून जास्त काळ ते तुरुंगात होते. देशभरातल्या अशा प्रत्येक संस्थेला कळून चुकलं की आपल्या कपाटातली पत्रकंही आपल्याला आत घालू शकतात. त्याच वर्षअखेर दिल्लीच्या नाझ फाउंडेशनने ३७७ विरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. त्यात मांडलेला एक मोठा मुद्दा आरोग्याचाच होता: हा कायदा असेपर्यंत एड्सचं काम होऊच शकत नाही.

मानवेंद्रसिंह मात्र तोवर बाहेरच्या जगासाठी राजपुत्रच होते. २००२ मध्ये त्यांना नैराश्याचा झटका येऊन रुग्णालयात ठेवावं लागलं. तेव्हा डॉक्टरांकडून आई-वडिलांना कारण कळलं. चार भिंतींच्या आत ठेवा, बाहेर कळता कामा नये, अशी त्यांची अट होती. मग १४ मार्च २००६ ला ‘दिव्य भास्कर’मध्ये त्यांची मुलाखत छापून आली आणि गुजरातभर गाजली. राजपिपळ्यात पुतळे जाळले. आई-वडिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन त्यांना वारसाहक्कातून बेदखल केलं. आपला मुलगा म्हणून कुणी त्यांचा उल्लेख केला तर कायदेशीर कारवाई करू, असा इशारा आईने दिला. जन्म दिलेल्या मुलाबद्दल पैसे भरून जाहिरात छापायची! किती दुखलं असेल ते दोन्हीकडे. वडिलांशी संबंध पुढे पुन्हा जुळले.

त्याच २००६ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामाबद्दल ‘लक्ष्य’ला सिव्हिल सोसायटी पुरस्कार मिळाला. पुतळ्यांच्या बातमीपुढे पुरस्काराची बातमी किती जणांनी वाचली असेल? (मराठी वाचकांसाठी एक योगायोग: सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरीही त्याच वर्षी आली. एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, आणि पुण्यातलं आपल्यासारखंच घर. वाचली नसेल तर वाचा. सिनेमा नंतर बघा.) पुढच्या वर्षी मानवेंद्रसिंह अमेरिकेत ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात झळकले आणि परदेशी वाहिन्यांची रीघ लागली. राजवाडा, हत्ती-घोडे, समलिंगी युवराज, असा मसाला त्यांना आयता मिळाला. त्याने संस्थेला नाव आणि मदत मिळाली हे खरं. पण रात्री स्टेशनवर उभं राहणाऱ्या त्या मुलांची मुलाखत घ्यायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी नाव छापायची त्यांची तयारी नसती. गमावलेल्या गादीची बातमी होते. गमावलेल्या भाड्याच्या खोलीची होत नाही.

दुसरी एक उणीव आरोग्याच्या दारातून आत आल्यामुळेच राहिली. एड्सचा पैसा पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी होता. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या बायकांना त्या कार्यक्रमात धोक्याचा गट मानत नसत, म्हणून त्यांच्यासाठी ना खोली, ना समुपदेशक. ती पोकळी बडोद्यातच ‘विकल्प’ या स्त्रियांच्या संस्थेने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘परमा’ या गटाने भरून काढायचा प्रयत्न केला. माया शर्मा हे त्यातलं महत्त्वाचं नाव. गरीब, कष्टकरी, खेड्यापाड्यांतल्या अशा स्त्रियांच्या हकिकती त्यांनी गोळा केल्या आणि ते इंग्रजी पुस्तक २००६ मध्येच प्रसिद्ध झालं. ‘ही सगळी इंग्रजी शिकलेल्या श्रीमंतांची थेरं’ असं म्हणणाऱ्यांनी ते अवश्य चाळावं. मुलींची अडचण वेगळीच असते. मुलाला निदान रात्री दहाला घराबाहेर पडता येतं. मुलगी पळाली की अपहरणाची तक्रार होते, पोलीस शोधून आणतात आणि बापाच्या हवाली करतात. मग महिन्याभरात लग्न. अशा वेळी निरोधची पेटी काय कामाची? वकील लागतो, रात्री राहायला जागा लागते, पोलीस ठाण्यात बरोबर येणारी चार माणसं लागतात.

कायद्याचं पुढचं तुम्हाला बहुधा ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, ही संख्या अगदीच थोडी आहे असं म्हणत. जणू हक्क मिळायला आधी गर्दी जमवावी लागते! साडेचार वर्षं उजळ माथ्याने वावरलेली माणसं एका सकाळी पुन्हा कायद्याने गुन्हेगार झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरतेत गुजरातेतली पहिली प्राइड यात्रा निघाली होती, दोन महिन्यांत ही बातमी. २०१४ च्या एप्रिलमध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मिळाला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ३७७ चा तो भाग कायमचा काढला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तो संसदेचा विषय आहे असं न्यायालय म्हणालं.

२०१८ मध्येच मानवेंद्रसिंहांनी नर्मदाकाठी हनुमंतेश्वरला असलेली घराण्याची जागा घरच्यांनी बाहेर काढलेल्या अशा मुलामुलींसाठी खुली करायचं ठरवलं. ज्यांना स्वतःलाच नोटीस छापून बेदखल केलं होतं, त्यांना ही गरज सांगावी लागली नसणार. कल्पना केवळ राहायच्या खोल्यांची नव्हती. इंग्रजी, संगणक, काही हाताचं काम शिकवून पोरांना पायावर उभं करायचं होतं. कारण ज्याच्या हातात पगार नाही त्याला घरी ‘मी लग्न करणार नाही’ असं म्हणता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. कायदा बदलल्याने पोलिसाची भीती गेली. काकांची आणि मामांची गेली नाही.

आता थोडं कामाचं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणालातरी ते लागेल. घरात असं काही कळलं की पहिली धाव डॉक्टरकडे किंवा एखाद्या महाराजांकडे घेतली जाते. मुलाची लैंगिक ओढ बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुणी गोळ्या, शॉक किंवा ‘गॅरंटीने बरा करतो’ म्हणत असेल तर उठून यावं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हरकत नाही, पण ते मुलाच्या मनावरचा ताण हलका करायला आणि बरेचदा आई-वडिलांच्याही. मराठीतून वाचायचं असेल तर पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं आहेत. त्यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ काढली आणि आपल्या भाषेत, आपल्या घरांना समजेल असं लिहिलं. पालकांसाठी मुंबईत ‘स्वीकार’ नावाचा पालकांचाच गट आहे. ज्या आईने हे सोसलं आहे तिच्याशी बोलणं हे दहा डॉक्टरांपेक्षा बरं.

आणि जे दोघं किंवा दोघी एकत्र राहतच आहेत त्यांच्यासाठी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून द्यायला कुठलाही अडथळा नाही. बँकेतल्या साहेबांना हे माहीत नसेल तर त्यांना सांगा, आणि फॉर्म भरूनच उठा. नॉमिनी झालं तरी वारसाहक्क आपोआप मिळत नाही, त्यासाठी मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. ते साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी केली तर जास्त चांगलं.

पुढच्या अंकात खंडेराव मार्केट. जुने फोटो असतील तर या महिनाअखेर पाठवा.